मॉसच्या घरचा भाडेकरू

व्हीनस फ्लायट्रॅपची कुंडी घरात असली की आलेल्या माणसाचं बोट आपोआप पुढे होतं. मुलांचं तर होतंच, पण बँकेतून निवृत्त झालेल्या गंभीर गृहस्थांचंही होतं. "मिटतं का हो खरंच?" असं विचारता विचारता ते त्या तांबूस जबड्यात तर्जनी घालून मोकळे होतात. पान मिटतं, गृहस्थ खुदकन हसतात, आणि मी चहा टाकायला आत जाते, नाहीतर तोंडून काहीतरी निघायचं. एक पान आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतं. तीन-चार शिकारी पचवल्या की ते काळं पडून जातं. उगाच मिटवलेलं पान पुन्हा उघडायला जवळजवळ दिवस घेतं आणि त्या दिवसाच्या बदल्यात त्याला काही मिळत नाही.

बघणाऱ्याला कौतुक वेगाचं वाटतं. वेग आहेच, सेकंदाच्या दहाव्या हिश्शात खेळ आटोपतो. मला मात्र त्याआधीचं थांबणं जास्त आवडतं. पानाच्या प्रत्येक पाळीवर आतून साधारण तीन बारीक केस असतात. एकदा धक्का लागला तर पान ढिम्म. वीसेक सेकंदांत दुसरा धक्का लागला तरच ते मिटतं. पावसाच्या थेंबासाठी, वाऱ्याने आलेल्या कस्पटासाठी ताकद खर्च करायची नाही. मिटल्यावरही मोजणी चालूच राहते. आत कोंडलेला जीव धडपडत राहिला आणि धक्के पाचाच्या आसपास गेले, की मग पाचकरसाची तयारी. ही मोजदाद जर्मनीतल्या संशोधकांनी २०१६ साली उलगडून दाखवली. पानातून विजेचा संकेत धावतो हे तर इंग्लंडात जॉन बर्डन-सँडरसन यांनी १८७३ सालीच मोजलं होतं, तेही चार्ल्स डार्विन यांच्या सांगण्यावरून. डार्विननी पानाच्या कडेच्या दातांबद्दलही एक सुंदर तर्क मांडला आहे: दातांमधल्या फटींतून चिल्लर कीटक निसटून जातात, कारण त्यांना पचवणं परवडत नाही.

परवडणं हाच या रोपाचा सगळा विषय आहे. त्याचं मूळ गाव अमेरिकेत, उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीवर, विल्मिंग्टन शहराच्या आसपास. जगात दुसरीकडे कुठेही ते मूळचं नाही. तिथले गव्हर्नर आर्थर डॉब्ज यांनी १७५९ साली लंडनला धाडलेल्या पत्रात त्याचा उल्लेख केला, तेव्हापासून त्याचा बोलबाला. जमीन ओली, वाळूची, आंबट. पाइनच्या विरळ रानात अधूनमधून वणवा लागतो आणि उंच झुडपं जळून या ठेंगण्याला ऊन मिळतं. मातीत नायट्रोजन नावापुरता, म्हणून तो किड्यांतून मिळवायचा. नाव माशी पकडणाऱ्याचं असलं तरी तिथल्या ताटात मुंग्या आणि कोळीच जास्त असतात. आपल्याकडे कासच्या सड्यावर दवबिंदू आणि सीतेची आसवं याच कारणासाठी शिकारी झाली आहेत: कातळावर वितीएवढी माती, वर पावसाळाभर धुऊन नेणारं पाणी. त्यांच्याकडे क्रूर वनस्पती म्हणून बघणारे लोक भेटतात. मला तो काटकसरी संसार दिसतो.

तर अशा रोपाला शेणखत, गांडूळखत, ताकाचं पाणी, काहीही चालत नाही. खत घातलं की मुळं करपतात. त्याला जपायचं म्हणजे गरीब ठेवायचं. कुंडीभर खत ओतून प्रेम करणाऱ्या आपल्या लोकांना हे पटवणं कठीण जातं.

घरात ही गरिबी सांभाळायचं काम माझं नाही. ते स्फॅग्नम मॉस करतं. कुंडीचा खरा घरमालक तेच, फ्लायट्रॅप भाडेकरू. पाहुण्यांना भाडेकरूच दिसतो. मालकाला मुळं नाहीत, फुलं नाहीत. नुसते फिकट हिरवे, चांदणीसारखे शेंडे. पण एक शेंडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काय कारभार दिसतो! हिरव्या जिवंत पेशी अगदी बारीक आणि त्यांच्या मधे मोठ्या, मेलेल्या, रिकाम्या, भोकं असलेल्या पेशी. त्या फक्त पाणी साठवतात; कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी हे मॉस धरून ठेवतं. वर, पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून बदल्यात हायड्रोजन आयन सोडतं, म्हणजे भोवतालचं पाणी आंबट करतं. आंबट पाण्यात बहुतेकांना राहवत नाही, जिवाणूंनाही नाही. म्हणूनच पहिल्या महायुद्धात कापूस अपुरा पडला तेव्हा ब्रिटनमध्ये वाळवलेल्या स्फॅग्नमची मलमपट्टी लाखोंनी तयार झाली. म्हणूनच डेन्मार्कच्या दलदलीत १९५० साली सापडलेल्या टोलुंडच्या माणसाच्या हनुवटीवरचे खुंट दोन हजारांहून जास्त वर्षांनीही शाबूत होते.

हे मॉस वर वाढतं आणि खाली मरतं. मेलेला थर कुजत नाही, साठत जातो, आणि त्याचं पीट होतं. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. जगाच्या जमिनीचा तीन टक्के भाग पीटचा, पण त्यात सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन दडलेला आहे. फ्लायट्रॅपवाले लोक पीटच्या पिशव्या बिनदिक्कत विकत आणतात. मला त्या पिशवीत खोदलेली शतकं दिसतात. जिवंत मॉस वाढवणं त्यापेक्षा बरं, असं माझं मत आहे. वेळखाऊ असलं, तरीही.

भाडेकरू-मालकाचं पटतंच असं नाही. फ्लायट्रॅपला कडक ऊन हवं, मॉसला गारवा आणि सावली. पुण्याच्या एप्रिलमध्ये दोघांची कुरबूर टिपेला पोचते. तेव्हा पूर्वेची गॅलरी, दुपारपासून हिरवी जाळी आणि कुंडीखालच्या थाळीत कायम बोटभर पाणी, एवढ्यावर तडजोड होते. पाणी मात्र पावसाचंच. बोअरच्या पाण्याने किटलीत पांढरा थर बसतो, तोच मॉसच्या शेंड्यांवर बसला की ते तपकिरी होतात. जून ते सप्टेंबर पन्हाळीखाली बादल्या लागतात. एरवी चालण्याइतकं शुद्ध म्हणजे आरओचं किंवा डिस्टिल्ड. हिवाळ्यात भाडेकरूला तीनेक महिने झोप लागते. पुण्याची थंडी त्याला अर्धवटच वाटते, म्हणून काही जण कंद ओल्या मॉसमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतात. आमच्याकडे तो मेथीच्या जुडीशेजारी असतो, आणि आईने एकदा त्याला आलं समजून बाहेर काढलंही होतं.

वसंतात उंच देठावर पांढरी फुलं येतात. देठ इतका लांब की परागीभवनाला येणारे कीटक खालच्या सापळ्यांपासून दूर राहतात. जाणकार म्हणतात, देठ खुडा, रोपाची ताकद वाचते. मी खुडत नाही. वर्षभर काटकसर करणाऱ्याने एकदा उधळलं तर उधळू दे.

कात्री लागते ती मॉसला. पावसाळ्यात ते इतकं फोफावतं की भाडेकरूच्या डोक्यावर चढतं. मग शेंडे छाटायचे आणि ओल्या थाळीत पसरायचे. प्रत्येक तुकड्यातून नवं मॉस उठतं. सोसायटीतले ऑर्किडवाले काका त्यासाठी डबा घेऊन हजर असतात. मॉस मी मागेल त्याला देते. फ्लायट्रॅप मागितला तर आधी विचारते, पाणी कुठलं घालणार?