आपल्यातलीच ना?

मी मंगरूळपीर तालुक्यातल्या एका फासेपारधी बेड्यावरची. आता परिविक्षा अधिकारी आहे. पोरगं बाल न्याय मंडळासमोर आलं की १५ दिवसांत त्याचा सामाजिक तपास अहवाल द्यायचा, हे माझं काम. निरीक्षणगृहात त्याला कुणासोबत ठेवायचं, ते कायद्यानं वय, तब्येत, मनःस्थिती आणि कृत्याचं गांभीर्य बघून ठरतं. जात बघून नाही.

पण कागद उघडायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "पारध्याचं आहे, सराईत असणार." १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, लोकांच्या तोंडातून मात्र गेला नाही.

२०१५ चा बाल न्याय कायदा मुलाबद्दल आरोपाची भाषा वापरू देत नाही. म्हणून 'सराईत' हा शब्द मी अहवालात येऊ देत नाही. शाळा का सुटली, घरात कमावतं कोण, त्या दिवशी पोरगं जेवलं होतं का, हे लिहिते.

मध्यंतरी एकानं आमच्या बोलीत विचारलं, "ताई, तू आपल्यातलीच ना? मग सोड की."

सोडणं मंडळाच्या हातात. त्याचं म्हणणं त्याच्या बोलीत ऐकून मराठीत लिहिणारी मात्र तिथं मी एकटीच आहे.