कुंभार्ली घाट आणि विजेच्या पाणपोया

कऱ्हाडाहून चिपळुणास जाणारा कुंभार्ली घाटाचा रस्ता आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. पाटण मागें पडलें, कीं कोयनेच्या सोबतीनें आपण हेळवाकास येतों, आणि घाटमाथ्यावरून वाशिष्ठीचें खोरें एकदम दृष्टीस पडतें. गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं हा प्रवास पुतण्याच्या विजेच्या मोटारींतून केला. उतरतांना गाडीचा वेग आवरला, कीं तिच्या बॅटरींत थोडी वीज परत भरे. परततांना मात्र हिशेब उलटला. दीड टनाची गाडी ६०० मीटर वर नेण्यास नुसत्या उंचीपायींच सुमारें अडीच युनिट वीज खर्चते. तेवढींत सपाटीवर पंधरा-वीस किलोमीटर जातां येतें.

केंद्र सरकारनें २०१८ सालीं काढलेल्या सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरांवर चार्जिंग केंद्र असावें, असें म्हटलें होतें. परंतु सह्याद्रींत केवळ अंतर मोजून भागत नाहीं. चढहि मोजला पाहिजे. केंद्र हवें तें चढाच्या आधीं, पायथ्याशीं.

त्या पायथ्याशींच पोफळी आहे. शिवसागराचें पाणी बोगद्यांतून येथील भूमिगत वीजगृहांत कोसळतें. कोयना प्रकल्पाची एकंदर शक्ति १९६० मेगावॅट! पण ती वीज उच्च दाबाच्या तारांनीं दूरदेशीं जाते. खेड्यांतील रोहित्र बहुधा ६३ किंवा १०० के.व्ही.ए.चें असतें. ६० किलोवॅटचें एक जलद चार्जिंग यंत्र म्हणजे पांच अश्वशक्तीचे सोळा पंप एकदम सुरू करण्यासारखें आहे. तें गांवच्याच रोहित्रावर लादलें, तर पाहुण्याची गाडी भरेल आणि यजमानाच्या घरचा दिवा मंदावेल.

म्हणून वाटसरूंच्या यंत्रास स्वतंत्र रोहित्र असावें. गांवच्या रिक्षांस व दुचाकींस रात्रभर सावकाश भरणारी १५ अँपिअरची साधी जोडणी पुरते; ती एस्. टी. थांब्याजवळ किंवा ग्रामपंचायतीच्या आवारांत देतां येईल. पावसाळ्यांत झाड पडून तारा तुटतात, यास्तव साठ्याची बॅटरीहि हवी. आणि गाडी भरेपर्यंत बायकामुलांस सावली, पाणी व स्वच्छ शौचकूप नको काय?

आपल्या पूर्वजांनीं विहिरी, तळीं व पाणपोया यांची गणना पूर्तधर्मांत केली. पाणपोई घालणारा प्रथम विहिरीचें पाणी पाही. आपल्या गांवीं असें केंद्र येऊं लागल्यास वाचकांनीं ग्रामसभेंत एवढेंच विचारावें: वीज कोणत्या रोहित्रावरून घेणार?