पित्ताशय काढल्यावर उरलेलें दुखणें

दुखण्याचें मूळ काढून टाकलें कीं दुखणें संपलें, अशी आपली साधी समजूत असते. पित्ताशयाच्या बाबतींत ती बहुधा खरीही ठरते. बर्लिनचे शस्त्रवैद्य कार्ल लांगेनबुख यांनीं १८८२ सालीं खड्यांनीं त्रस्त झालेल्या एका रोग्याचें पित्ताशय प्रथम काढलें. आज तेंच काम पोटावरील तीन-चार लहान छिद्रांतून होतें आणि रोगी एक-दोन दिवसांत घरीं परततो. परंतु कांहीं जणांना पुढें तीच ओळखीची कळ पुन्हा बरगडीखालीं उठते. मग घरांत जो खल सुरू होतो, तो पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळेपेक्षां पुष्कळच अवघड असतो.

आमच्या थोरल्या वहिनींवर हा प्रसंग आला. पित्ताशय काढून चार महिने झाले होते, तरी आठवड्यांतून एकदां तरी त्या काम टाकून भिंतीला टेकून बसत. आमच्या मामांचें उदाहरण घरांत सर्वांच्या डोळ्यांपुढें होतें. त्यांचेंही पित्ताशय काढलेलें. कांहीं वर्षांनीं त्यांना थंडी वाजून ताप भरला, डोळे पिवळे झाले आणि पित्तनलिकेंत खडा अडकल्याचें दिसून आलें. ईआरसीपी नांवाच्या उपचारानें तो खडा काढला आणि मामा वांचले. तेव्हां तात्यांचें मत ठरलेलें होतें : “मामांना ज्यानें गुण आला तेंच हिलाही करावें आणि एकदांचें मोकळें व्हावें.” घरांतील बहुतेकांनीं मान डोलावली. वहिनींना मात्र कोणीच विचारलें नव्हतें.

हा उपचार काय आहे तें समजून घेतलें पाहिजे. यकृतांतील पित्त ज्या नलिकेनें आंतड्यांत उतरतें, तिच्या मुखाशीं स्नायूचें एक कडें असतें. तोंडावाटे दुर्बीण खालीं नेऊन त्या मुखांतून नलिकेंत शिरतात, क्ष-किरणांनीं आंतील चित्र पाहतात आणि जरूर तर तें कडें छेदून खडा बाहेर ओढतात. असा छेद घेण्याची पद्धति १९७४ पासून रूढ झाली. अडचण ही, कीं स्वादुपिंडाची नलिकाही बहुधा त्याच ठिकाणीं उघडते. तिला धक्का लागला तर स्वादुपिंडास दाह होतो. शंभरांपैकीं सुमारें पांच ते दहा रोग्यांना तो होतो. बहुतेकांचा चार-आठ दिवसांत निवळतो. क्वचित् तो जिवावरही बेततो. रक्तस्राव, जंतुदोष आणि आंतड्यास छिद्र पडणें हे धोके निराळेच.

यांतील विलक्षण गोष्ट अशी, कीं ज्याला या उपचाराची गरज कमी त्यालाच त्याचा धोका अधिक. वय लहान, त्यांतून स्त्री, नलिका फुगलेली नाहीं, कावीळ नाहीं, अशा रोग्यांत दाहाचें प्रमाण वाढतें. अमेरिकेंत अशाच २१४ रोग्यांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. पित्ताशय काढल्यावरही त्यांना कळा येत होत्या, पण अडथळ्याचा पुरावा नव्हता. कांहींचें कडें छेदलें. कांहींत दुर्बीण घातली, पण छेद घेतला नाहीं. वर्षानंतर छेद घेतलेल्यांपैकीं शेंकडा २३ जणांना, तर न घेतलेल्यांपैकीं शेंकडा ३७ जणांना गुण आला होता. स्वादुपिंडाचा दाह दोन्ही गटांत शेंकडा दहाहून अधिक जणांना झाला.

डॉक्टरांकडे गेल्यावर वहिनींनीं एकच प्रश्न केला : “नळींत खडा दिसला आहे, कीं असेल असें वाटतें?” डॉक्टर सरळ मनाचे होते. “वाटतें,” असें म्हणून त्यांनीं प्रथम रक्त तपासलें आणि एमआरसीपी केली. या तपासणींत चुंबकीय यंत्रानें बाहेरूनच नलिकेचें चित्र मिळतें. स्वादुपिंडाला हात लागत नाहीं. नलिका स्वच्छ निघाली, यकृताच्या तपासण्याही ठीक होत्या. वहिनींनीं घरीं येऊन शांतपणें सांगितलें, “तात्या, मामांना खडा होता, मला नाहीं. मी थांबणार.” तात्यांना तें रुचलें नाहीं, पण त्यांनीं आग्रह सोडला. आतां आम्लपित्ताचें औषध आणि बेताचें जेवण यांवर त्यांचें चाललें आहे. कळ अजून अधूनमधून येते, पण पूर्वीची धार राहिली नाहीं.

यावरून थांबणें नेहमींच शहाणपणाचें, असें कोणीं समजूं नये. थंडी-ताप, कावीळ किंवा नलिकेंत दिसलेला खडा असतां जो दिवस दवडला तो रोग्याच्या जिवावर येतो. परंतु पुरावा नसतां केवळ घरच्यांच्या जिवाला स्वस्थता यावी म्हणून उपचार करवूं नये. नलिकेंत काय दिसलें, न केल्यास काय होईल, आणि करायचेंच तर दाह टळावा म्हणून कोणती तजवीज करणार, हे तीन प्रश्न डॉक्टरांना आधीं विचारावेत. आणि त्यांचीं उत्तरें ऐकायला प्रथम रोग्यालाच जवळ बसवावें.