धावड्याहून दिसलेली आमदारकी

रावसाहेब दानवे यांची विधानसभेतली कारकीर्द 1990 ते 1999 अशी दोन निवडणुकांची. मतदारसंघ भोकरदन, पक्ष भाजप. 1955 साली शेतकरी कुटुंबात जन्मलेले दानवे याच तालुक्यातल्या जवखेड्याचे. आधी गावचे सरपंचपद, मग पंचायत समिती, अशा पायऱ्या चढून ते मुंबईला पोहोचले. पहिली पाच वर्षे विरोधी बाकांवर गेली. 1995 मध्ये मनोहर जोशींचे युती सरकार आले, तेव्हा बाजू बदलली.

धावडा हे याच मतदारसंघातले, अजिंठ्याच्या डोंगराकडचे मिरची पिकवणारे गाव. आम्हा धावडेकरांना विधिमंडळातला आमदार सहसा दिसत नाही. दिसतो तो लग्नाच्या मांडवात, दहाव्याला, नाहीतर तहसीलच्या पायऱ्यांवर. ऐन मिरचीच्या हंगामात डीपी जळते, विहिरीत पाणी असून रोपे माना टाकतात. अशा वेळी साहेबांचा फोन वीज कार्यालयात गेला की नाही, यावरच पारावर आमदारकी जोखली जाते. कायदे करणे हे आमदाराचे खरे काम. पण त्याचा हिशेब गावाने कुणालाच कधी विचारला नाही, हा दोष आमचाच.

दानव्यांना हे गणित पक्के ठाऊक. बोलणे गावरान, सभेत हशा ठरलेला. तीच जीभ पुढे महागातही पडली: प्रदेशाध्यक्ष असताना 2017 मध्ये तूर खरेदीवरच्या वक्तव्याने राज्यभर टीका झाली.

1999 मध्ये ते जालन्याचे खासदार झाले आणि सलग पाच निवडणुका जिंकले. 2009 ची मात्र काठावरची होती. काँग्रेसचे कल्याण काळे थोडक्यात हरले. केंद्रात ग्राहक संरक्षण, पुढे 2021 पासून रेल्वे, कोळसा व खाण या खात्यांचे राज्यमंत्रिपद त्यांच्याकडे होते. डिसेंबर 2023 मध्ये जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, ती याच काळात.

भोकरदनची जागा मात्र इतकी सरळ राहिली नाही. 2009 मध्ये ती राष्ट्रवादीच्या चंद्रकांत दानवेंकडे होती. आडनाव एकच असल्याने बाहेरच्यांचा गोंधळ व्हायचा, गावात कुणाचा झाला नाही. 2014 मध्ये रावसाहेबांचे चिरंजीव संतोष दानवे यांनी ती जिंकली. घराणेशाही म्हणावी तर म्हणता येते. पण मते आम्हीच दिली.

2024 च्या लोकसभेत कल्याण काळेंनी रावसाहेबांना लाखाहून अधिक मतांनी हरवले. दोनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, जालना-जळगाव या 174 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. भोकरदनवरून जाणाऱ्या या मार्गाचा पाठपुरावा दानव्यांनी मंत्री असताना केला होता. नोव्हेंबरच्या विधानसभेत संतोष दानवे तिसऱ्यांदा निवडून आले.