पावसाचा सामू आणि फाटकापाशी पेटलेली शेकोटी

आमच्याकडे पाऊस बाटलीतून येतो. गच्चीवरच्या भांड्याचं झाकण सर सुरू झाली की उघडायचं आणि थांबली की लगेच लावायचं. मधल्या कोरड्या वेळात त्यात धूळ पडली तर नमुना वाया जातो. जूनमध्ये पहाटे दोनला ढग गडगडले की घरातले पांघरूण ओढून घेतात आणि मी जिना चढते. पावसाचं रसायनशास्त्र हा माझा विषय, आणि पुण्यात त्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली.

या काळात सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, ‘आपल्याकडे आम्ल पाऊस पडतो का हो?’ स्वच्छ हवेतला पाऊसही किंचित आम्लधर्मी असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. अशा पाण्याचा सामू ५.६च्या आसपास भरतो. त्याहून खाली गेला की आपण आम्ल पाऊस म्हणतो. हे नाव रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनतज्ज्ञाने मँचेस्टरच्या धुरकट पावसाचा अभ्यास करून १८७२ साली रूढ केलं. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दसपट होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

पुण्यातल्या पहिल्या सरींचा सामू मात्र बहुतेकदा सहाच्या वर असतो. ते वाचून लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. मला तसं करता येत नाही. आपल्या धुळीत चुन्याचा अंश भरपूर असतो आणि चुना आम्लाला मारतो. त्याच बाटलीतल्या पाण्यात सल्फेट आणि नायट्रेट शोधलं की ते सापडतं, म्हणजे गंधकाम्ल आणि नत्राम्ल हवेत तयार झालेलंच होतं. धुळीने ते झाकलं, इतकंच. झड लागून धूळ धुऊन गेली की सामू खाली सरकू लागतो. तेव्हा धुळीच्या भरवशावर राहण्यापेक्षा आम्लाचा उगम आटवायला हवा.

गंधकाचा मोठा उगम म्हणजे दगडी कोळसा. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ इथली केंद्रं जो कोळसा जाळतात, त्यात साधारण अर्धा टक्का गंधक असतं. एक युनिट विजेला चांगला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. आता हिशेब करा. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराची सगळी वीज कोळशाची धरली, तर त्या घराच्या नावावर दरमहा अर्ध्या किलोहून जास्त सल्फर डायऑक्साइड जमा होतो. या वायूवर मर्यादा घालणारा नियम डिसेंबर २०१५ मध्ये निघाला. त्याची मुदत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. पण तो बदलण्याची वाट न पाहता घरात करता येण्यासारखं पुष्कळ आहे. दोन किलोवॉटचा गिझर तासभर चालला की दोन युनिट गेली. गच्चीवर सौर बंब बसवला तर वर्षातले बहुतेक दिवस ती वाचतात. जुना पंचाहत्तर वॉटचा पंखा बदलून तीस-पस्तीस वॉटचा बीएलडीसी पंखा लावला तर वारा तेवढाच मिळतो.

वाहनांची गोष्ट वेगळी आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्याला आपल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत पाच हजार भाग गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ इंधन आल्यावर, ही मर्यादा दहा भागांवर आली. माझ्या हयातीत हवेसाठी झालेलं हे मोठं काम. राहिली नत्राची ऑक्साइडं. इंजिनातल्या उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन जळतो आणि ती तयार होतात, त्यामुळे इंधन कितीही शुद्ध असलं तरी ती सुटतात. आपली पीयूसीची तपासणी ती मोजतच नाही. गाडीतला उत्प्रेरक तापल्याशिवाय धूर नीट शुद्ध करत नाही, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं सगळ्यांत घाणेरडी. कोपऱ्यावरून दूध आणायला काढलेली स्कूटर दर किलोमीटरमागे लांबच्या प्रवासापेक्षा जास्त विष सोडते. तेवढं चालत जावं, ही माझी कळकळीची विनंती.

पण मला खरं बोलायचं आहे ते उघड्यावरच्या जाळाबद्दल. औष्णिक केंद्राची चिमणी दोनशे-पावणेतीनशे मीटर उंच असते. फाटकापाशी पेटलेली शेकोटी आपल्या नाकाशी असते. थंडीच्या रात्री जमीन निवते, तिच्या लगतची हवाही निवते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर वर चढत नाही, आडवा पसरतो आणि तळमजल्यावरच्या खिडक्यांतून आत शिरतो. त्या शेकोटीत काय जळतं, ते मी रस्तोरस्ती थांबून पाहिलं आहे. टायरचे तुकडे, थर्माकोल, प्लायवूडच्या ढलप्या, वायरींची आवरणं. टायरच्या रबरात गंधक मुरवलेलं असतं, त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. वायरीवरचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि दवाच्या थेंबात किंवा घशातल्या ओलाव्यात विरघळून तो हायड्रोक्लोरिक आम्ल होतो. आम्ल पावसाची वाट पाहायची गरजच उरत नाही.

कोल्हापुरात माझ्या आजीकडे तांब्याचा बंब होता. तिचं जळण म्हणजे लाकडाच्या ढलप्या आणि गोवऱ्या. धूर तेव्हाही होताच आणि आजीचा खोकला आम्ही वयाच्या खात्यावर मांडला. आता काही घरांत बंब पेटवायला दुधाच्या पिशव्या आणि तुटक्या चपलेचा तुकडा घालतात. तो तुकडा बंबात घालू नका, एवढं शेजारणीला सांगण्याने त्या बोळातली हवा त्याच सकाळी सुधारते. पालापाचोळ्याचंही तसंच. कोंबड्यांच्या जाळीचं एक पिंप करून त्यात तो साठवला, अधूनमधून पाणी मारलं, की काही महिन्यांत खत होतं.

दिवाळीच्या अंकात फटाक्यांबद्दल न लिहिणं बरं दिसणार नाही. फटाक्याच्या काळ्या दारूत सोरा आणि कोळशाबरोबर गंधक असतं, सुमारे एक दशांश. पाऊस तेव्हा निघून गेलेला असतो, हवा धुणारं कोणी नसतं, आणि रात्रीचं ते झाकण बसायला लागलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांना रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. मी आमच्या घरातून ते पूर्ण बंद केले आहेत.

शेकोटी पेटवणाऱ्या रखवालदाराला मात्र दोष देऊ नका. तो रात्रभर उघड्यावर बसतो आणि त्याला थंडी वाजते. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत जाड स्वेटर, कानटोपी, रग आणि केबिनमध्ये एका लहान हीटरसाठी पैसे मंजूर करून घ्या. थंडी सुरू होण्याआधी घ्या.