ढोपर न फुटणारा खेळ

खेळ म्हटला की ढोपर फुटलेच पाहिजे, अशा मताचा मी माणूस. वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. मधल्या सुट्टीत आट्यापाट्यांवरून जुंपलेली भांडणे सोडवणे हाही त्या विषयाचाच एक भाग होऊन बसला आहे. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधला माझा भाचा शाळेच्या ई-स्पोर्ट्सच्या संघात निवडला गेला, हे ऐकून मी बहिणीला आधी विचारले, "म्हणजे धावायचं कुठं?"

धावायचे नाहीच. संगणकासमोर बसायचे. 'रॉकेट लीग' हे खेळाचे नाव. दोन्ही बाजूंना तीन-तीन मोटारी, एक भला मोठा चेंडू, आणि पाच मिनिटांत होतील तेवढे गोल. तिकडे २०१८ साली शालेय क्रीडा संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने अशा खेळांना आपल्या पंखाखाली घेतले. पहिल्या पाच राज्यांत मॅसॅच्युसेट्सही होते. बंदुकीचे खेळ तेव्हा बाहेर ठेवले, हे मास्तर म्हणून मला पटले. नॉर्वेत बर्गेनच्या एका शाळेने तर २०१६ मध्येच हा ऐच्छिक विषय केला, आणि त्यात व्यायामही घातला!

पण माझा जीव गुंतला तो दुसऱ्याच गोष्टीत. आमचा हा भाचा बोलताना अडखळतो. परक्याला नाव सांगायचे तरी कानशिले लाल होतात. या खेळात मात्र मुके राहून भागत नाही. चेंडूवर कोण जाणार, मागे कोण थांबणार, हे क्षणोक्षणी ओरडावे लागते. दोघे एकदम धावले की गोल उघडा. त्याचा शब्द निघेपर्यंत चेंडू निघून जाई. शेवटी जोडीदारांनी त्याच्यापुरते एक अक्षर ठरवले, जिभेला कधीच न अडणारे. तेवढे उच्चारले की चेंडू त्याचा.

हाच खेळ तो आधी दोन वर्षे खोलीचे दार लावून खेळत होता. शाळेने त्याला दोन मित्र दिले, आणि घड्याळाकडे पाहणाऱ्या एक बाई.

यंदा जूनमध्ये तो आला, तेव्हा झोपाळ्यावर बसून त्याने मला एक हरलेला सामना सांगितला. पाऊण तास लागला. आई वाक्य पुरे करू लागली, तर हाताने तिला थांबवले.

एक मात्र अजून खटकते. आट्यापाट्यांना मालक नाही. या खेळाला आहे. त्याने उद्या दुकान बंद केले तर संघाने जायचे कुठे?

आपल्याकडेही डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडास्पर्धांत जागा दिली. आमच्या शाळेत तीन संगणक, त्यांतल्या एकाला मधूनच डुलकी लागते. तरी सातवीतली दोन पोरे परवा विचारून गेलीच: "सर, तिसरा गडी आणला तर चालेल?"