दोन शब्दांचे दैव

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला ‘नाइस’ आणि ‘सिली’ ही दोन विशेषणे फार लवकर भेटतात. पहिले तो आपल्या मित्राला लावतो. दुसरे, ज्याच्याशी भांडण झाले असेल त्याला. एक शब्द शाबासकीचा, दुसरा हिणवण्याचा. परंतु हेच मूल सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात जाऊन पोहोचले आणि तेथील एखाद्या गृहस्थाला त्याने ‘नाइस’ म्हटले, तर तो गृहस्थ रागाने लाल होईल; आणि ‘सिली’ म्हटले, तर कदाचित प्रसन्न होऊन मुलाच्या मस्तकावर हात ठेवील!

‘नाइस’चे कूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. त्यांपासून ‘न जाणणारा’, म्हणजे अज्ञ, या अर्थाचा शब्द झाला. याच ‘स्किरे’पासून पुढे ‘सायन्स’ हा शब्दही निघाला. एकाच घरातील दोन भावंडे. एकाने ज्ञानाची पताका खांद्यावर घेतली आणि दुसऱ्याच्या कपाळी अज्ञान आले. फ्रेंच भाषेतून हा शब्द इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असाच होता. पुढे तो फाजील नाजूकपणाला लावू लागले. मग चोखंदळपणाला, मग बारकाईला आणि काटेकोरपणाला. अखेर अठराव्या शतकात तो ‘छान’ या अर्थाने घरोघरी रुळला.

मग तो इतका रुळला की, जे दिसेल ते ‘नाइस’! जेन ऑस्टिन या लेखिकेची ‘नॉर्थँगर ॲबी’ ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस, प्रसिद्ध झाली. तीत एक तरुणी एका पुस्तकाला हे विशेषण लावते, तेव्हा हेन्री टिल्नी नावाचा तरुण तिची थट्टा करतो. दिवस, फेरफटका, माणसे, सर्वांना हा एकच शब्द कसा पुरतो, असे त्याचे म्हणणे. पूर्वी हा शब्द केवळ नीटनेटकेपणा आणि सुसंस्कृतपणा यांसाठीच असावा, असा तर्कही तो करतो. गंमत ही की, थट्टा करणारा हा पंडित अर्ध्या वाटेपर्यंतच मागे गेला होता! त्याच्याही पलीकडे ‘मूर्ख’ हा अर्थ दडून बसला होता.

‘सिली’ची वाट नेमकी उलटी. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ सुखी, भाग्यवान असा होता. जर्मन भाषेत त्याचा एक भाऊबंद आजही ‘धन्य’ या अर्थाने मानाने नांदत आहे. इंग्रजीत मात्र भाग्यवानाचा निष्पाप झाला, निष्पापाचा बिचारा, बिचाऱ्याचा दुबळा. आणि सोळावे शतक संपता संपता त्याच दुबळ्याचा मूर्ख झाला.

शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ या नाटकाच्या तिसऱ्या भागात एक प्रसंग आहे. लढाईला विटलेला राजा रणांगणापासून दूर, मातीच्या एका उंचवट्यावर एकटाच बसला आहे. राजापेक्षा मेंढपाळाचे जीवन किती सुखाचे, असे त्याच्या मनात येते. मेंढपाळ ज्या मेंढ्यांकडे पाहत असतो, त्यांना राजा ‘सिली’ म्हणतो. आजचा अर्थ मनात धरणाऱ्या वाचकाला वाटेल, राजा मेंढ्यांना मूर्ख म्हणत आहे. वस्तुतः त्या गरीब, निरुपद्रवी जिवांविषयी त्याच्या मनात माया दाटून आली आहे.

निष्पाप माणूस मूर्ख कसा ठरला? शब्दाने तर काही अपराध केला नव्हता. ज्याला कपट ठाऊक नाही तो सहज फसतो, आणि जग बहुधा फसवणाऱ्याला दोष देण्याऐवजी फसणाऱ्यालाच हसते. अशा हसण्यानेच तो शब्द पायरीपायरीने खाली उतरला असावा. शब्दांचे अर्थ कोशांत लिहिले जातात खरे. पण ते घडतात बोलणाऱ्यांच्या मनात.

मराठीतला ‘भोळा’ हा शब्द आज अशाच एका पायरीवर उभा आहे. देव्हाऱ्यापुढे शंकराला भोळा म्हणताना हात आपोआप जुळतात; बाजारात मात्र भोळा म्हणजे ज्याला सहज लुबाडता येते तो. हा शब्द पुढे कोठे जाईल, हे कोणत्याही पंडिताच्या हाती नाही. भोळ्या माणसाला पाहून लोक हसतात, की त्याला सांभाळून घेतात, यावरच त्याचे दैव ठरणार आहे.